मुरारी नाईट (सर्वांच्या कॅमेऱ्यांतून)

कोणताही कार्यक्रम दोनदा होतो. एकदा मंडपात आणि एकदा टीव्हीवर. यातला पहिला कच्चा. त्यात डास चावतात, पुढच्याचं डोकं मधे येतं आणि चहा आपल्यापर्यंत पोचेस्तोवर संपतो. दुसरा पक्का. जो कार्यक्रम दुसऱ्यांदा झाला नाही, तो पहिल्यांदा तरी झाला होता का, याविषयी जबाबदार माणसाने मत देऊ नये.

'मुरारी नाईट' महाडात पहिल्यांदा झाली ती २००३च्या डिसेंबरात. दुसऱ्यांदा ती कशी झाली, त्याची ही अधिकृत हकीकत. (अनधिकृत हकिकती एसटी स्थानकासमोरच्या टपरीवर उपलब्ध आहेत. त्यांच्याशी मंडळाचा संबंध नाही.)

मुरारी

मुरारी हे पोलादपूर स्थानकातले वाहतूक नियंत्रक. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या बहुतेक माणसांना केव्हा ना केव्हा मुरारीच्या आवाजाने गाडीत बसवलेलं आहे. संध्याकाळी ड्युटी सुटली की ते ऑर्केस्ट्रात गात, आणि तेही कित्येक वर्षं. गात ते दुसऱ्यांच्या आवाजात. मुंबईचा कलाकार यायचा राहिला तर मुरारींना उभं करत, आणि डोळे मिटून ऐकलं तर मुंबईचाच कलाकार आला असं वाटे. डोळे उघडे ठेवणाऱ्यांची थोडी निराशा होई, पण ते कुठेही होतं.

निवृत्तीला थोडा काळ उरला असताना मुरारींच्या मनात आलं की एकदा स्वतःच्या आवाजात गावं. स्वतः बांधलेल्या चालींवर. या घोषणेने दोन तालुक्यांत संभ्रम पसरला. कापडे गावचे भागोजी गाडीची वाट बघत होते, त्यांनी खिडकीशी जाऊन विचारलं.

"मुरारी, कोणाच्या आवाजात म्हणणार हायस?"

"माझ्या."

"तुझ्या म्हंजे कोणासारखा?"

"कोणासारखाच नाय."

भागोजींनी एक गाडी सोडली. मग म्हणाले, "बघ बा. लोक लांबून येतात."

मंडळ

कलाकाराला रसिक लागतात आणि रसिकांना मंडळ. 'मुरारी रसिक मंडळ, महाड-पोलादपूर (संयुक्त)' याप्रमाणे स्थापन झालं. अध्यक्षपद अमजदशेठना देण्यात आलं, कारण हायवेवर त्यांचे ट्रक चालतात आणि रंगमंच म्हणून दोन ट्रक पाठीला पाठ लावून उभे करायचे होते. चिटणीसपद आमच्याकडे आलं, कारण आमचं अक्षर वाचता येतं.

कार्यक्रम झाला. सत्कारांनी सुरू झाला आणि बराच वेळ सत्कारच झाला. शाली कमी पडल्या तेव्हा आधी सत्कार झालेल्यांनी आपल्या शाली मोठ्या मनाने परत केल्या. मग मुरारी गायले.

चित्रीकरणाची जबाबदारी अनिश स्टुडिओच्या अनिशवर होती. त्या दिवशी लग्नांचे मुहूर्त दाट असल्यामुळे तो आला नाही. मंडळाने त्याला दोष दिला नाही. गाणं पुढे ढकलता येतं. मुहूर्त येत नाही.

होळीच्या सुमारास मुरारींचा घसा धरला. मुंबईला नेलं. डॉक्टरांनी गाठ काढली आणि गाठीबरोबर ज्यातून आवाज निघतो ते सगळं काढलं. माणूस वाचला, ही समाधानाची बाब. मुरारी पुन्हा कामावर आले. आता ते गाडीचं नाव खडूने फळ्यावर लिहितात. प्रवाशांची तक्रार आहे की त्यासाठी मान वळवावी लागते.

मागणी

पुढल्या वर्षी एका दुपारी मुरारींच्या पत्नी चारुशीलावहिनी अमजदशेठच्या ऑफिसात आल्या. मंडळाची बैठक चालू होती. (विषय: पुढील अध्यक्षाची निवड. निर्णय: अमजदशेठ.)

"मला यांचं गाणं ऐकायचंय," वहिनी म्हणाल्या. "शेवटचं म्हटलं ते. एकदाच."

"वहिनी, तुम्ही तर तिथंच होतात," अमजदशेठ म्हणाले.

"मी मागे भजी तळत होते. तुमच्याचसाठी."

ही गोष्ट खरी होती. कलाकाराच्या घरच्यांनी पाहुण्यांचं बघावं, अशी आपल्याकडे पद्धत आहे, आणि भजी उत्तम झाली होती असं मंडळाने त्याच वेळी नोंदवलं होतं.

"पण घरी कधीतरी गायले असतील ना?"

"घरी यायचे ते दिवसभर ओरडून यायचे. आणि बायकोसमोर बसून गाणं म्हणणारा माणूस आमच्या आळीत अजून व्हायचाय. लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील हे मंडळाला ठाऊक होतं, कारण लोक म्हणजे बहुतांशी मंडळच. मग अमजदशेठना तो विचार सुचला, ज्यामुळे ते अध्यक्ष आहेत असं नंतर अनेकांनी म्हटलं. अनिश आला नव्हता हे खरं. पण त्या रात्री मैदानात कॅमेरे किती होते.

कॅमेरे

बाहेरच्यांसाठी खुलासा. महाडात आणि आजूबाजूच्या गावांत बऱ्याच घरांतला एक माणूस आखातात असतो. बऱ्याच घरांत कपाटात साड्यांखाली एक हँडीकॅम असतो. पहिल्याने दुसरा पाठवलेला असतो, आणि पाठवताना अट घातलेली असते: जे काही होईल त्याची कॅसेट परत जाणाऱ्याबरोबर धाडायची, आणि तीत सगळे दिसले पाहिजेत. बारसं असो, उरूस असो की मुरारी नाईट. दोह्याला बसलेल्या माणसाला दुसरं काय दिसतं?

मंडळाने कॅसेटी जमा करण्याचं आवाहन काढलं. चवदार तळ्याजवळ फळा लावला. वीर स्टेशनपासून महाडपर्यंत रिक्षाला भोंगा बांधून फिरवायचं ठरलं. अशा घोषणा एरवी मुरारीच करत. त्यामुळे त्या कोणी कराव्यात यावर चर्चा झाली आणि शेवटी रिक्षावाल्यालाच सांगितलं. त्याचं काय बोलणं होतं ते कोणाला कळलं नाही, पण भोंगा ऐकू आला आणि कॅसेटी आल्या. पिशवीने आल्या. सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर आंघोळीला गेलेल्या एका कुटुंबाने तर ओल्या टॉवेलात गुंडाळून आणली. रसिकता म्हणतात ती ही.

मंडळाने सर्व कॅसेटी बघितल्या. त्यांत काय होतं याची वर्गवारी:

प्रेक्षक, मुख्यतः स्वतःचे नातेवाईक: ५८ टक्के
सत्कार घेणारे: २१ टक्के
सत्कार देणारे (तेच लोक, शाल परत करताना): ९ टक्के
जमीन, चप्पल, कॅमेरा धरणाऱ्याचं बोट: ७ टक्के
भजी: ३ टक्के
मुरारी: २ टक्के

शेवटच्या दोन टक्क्यांपैकी एक टक्का मुरारी पाठमोरे आहेत. उरलेल्या टक्क्यात ते अमजदशेठशी हात मिळवताहेत आणि कॅमेरा पुढे अमजदशेठबरोबर जातो.

आवाजाबद्दल. कॅमेऱ्याला सगळ्यात जवळचा आवाज आधी ऐकू येतो आणि सगळ्यात जवळ कॅमेरा धरणारा असतो. नमुने:

"ती बघ सुम्बुलची नणंद. हिरव्यात. काय जाडी झाली गो."
"हात हलव, अब्बा बघतील. दोन्ही हलव."
"संपला का काय?"
"नाय, अजून गातोय."

या सगळ्याच्या मागे, दूर, कोणीतरी गात असावं असं वाटतं.

मंडळाने भागोजींना बोलावून विचारलं, कारण त्यांनी कुवेतहून आलेल्या पुतण्याचा कॅमेरा मागून घेतला होता आणि त्यांच्या कॅसेटीत अथपासून इतिपर्यंत फक्त तो पुतण्या होता.

"भागोजी, गाण्याला गेला होतात ना तुम्ही? गाणारा कुठाय यात?"

"गाना कानान ऐकायचा. कॅमेऱ्यान मानसा धरायची," भागोजी म्हणाले. "पोरगा चार दिसान परत गेला. मुरारी खय जातोय? रोज स्टँडावर हायच."

मंडळाने त्यांची कॅसेट नातेवाइकांच्या टक्क्यांत धरली.

आसियाभाभींची कॅसेट

आसियाभाभी उर्दू शाळेत शिकवतात. त्यांचे यजमान जुनैद दोह्याला. भाभींनी सुरुवातीला सासूबाईंचं चित्रण केलं. सासूबाई म्हणाल्या, "बंद कर तो. मना बघून काय करेल तो?" भाभींनी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि पिशवी शेजारच्या भोंग्याच्या खोक्यावर. कॅमेरा बंद करायचा मात्र राहिला.

चित्र: काळं.
आवाज: मुरारी.

थोडंसं नाही, पुरं गाणं. निवेदक सांगतो की मुरारीराव आता स्वतः बांधलेलं शेवटचं गाणं म्हणताहेत. मग पेटीचा सूर येतो, मग एक श्वास, मग ते सुरू करतात. पहिल्या ओळीपासून शेवटल्यापर्यंत कोणी मधे बोलत नाही, कारण पिशवीत बोलायला कोणी नव्हतं.

चारुशीलावहिनी ते ऐकायला आसियाभाभींकडे गेल्या. भाभींनी कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली. दोघी काळ्या पडद्याकडे बघत बसल्या. गाणं संपलं.

"पुन्हा लाव ग," वहिनी म्हणाल्या.

भाभींनी पुन्हा लावलं. सासूबाई आतून आल्या, पडद्याकडे बघितलं, या दोघींकडे बघितलं.

"टीव्ही बिघडला काय?"

"नाय, अम्मी. चालू हाय."

सासूबाईही बसल्या. पुढचं तिघींनी ऐकलं.

भाभी तेव्हाच कॅसेट वहिनींच्या हातात ठेवत होत्या. मंडळाला हे कळताच मंडळाने दोघींना मायेने समजावलं. असं सुटं सुटं वाटायला लागलो तर संकलनाला अर्थ काय राहिला? हे रसिकांचं काम आहे, ते रसिकांसमोर व्हायला हवं. पहिली सीडी वहिनींनाच मिळेल. समारंभात, मुरारींच्या हस्ते.

"मला समारंभ नकोय," वहिनी म्हणाल्या.

"समारंभ तुमचाच हाय, वहिनी," अमजदशेठ म्हणाले. "भजी यावेळी बाहेरून मागवू."

यापेक्षा अधिक काय करता येतं?

ठराव

ठराव पहिला. ज्याने कॅसेट दिली त्याचं चित्रण सीडीत येईल. सर्वांना समान न्याय.

ठराव दुसरा. आसियाभाभींच्या कॅसेटमधलं गाणं पूर्ण घ्यावं. परंतु काळा पडदा दिसला की लोक सीडी बिघडली म्हणून परत आणतात. सबब त्या गाण्यावर इतरांच्या कॅसेटमधली चित्रं लावावीत.

ठराव तिसरा. काटकसर म्हणून, ज्या कॅसेटीत बघण्यासारखं चित्र नाही ती संगणकावर उतरवून झाली की कोऱ्या कॅसेटींच्या खोक्यात टाकावी.

तिन्ही ठराव एकमताने मंजूर. यातल्या एकात तरी चूक दाखवून द्यावी, असं आमचं वाचकांना आवाहन आहे.

संकलन

अनिशने हे काम मनापासून केलं. आला नव्हता याची त्याला बोच होती. अनिश लग्नाच्या सीडी करतो आणि महाड-पोलादपूरच्या निम्म्या तरी संसारांची सुरुवात त्याच्या संगणकातून झालेली आहे. फिरणारं बदाम त्याच्याकडे आहे. उमलणारा गुलाब आहे, ज्याच्या मधोमध नवरा-नवरी बसतात. पान उलटलं की दुसरं दृश्य येतं तेही आहे.

लग्नाच्या कामात त्याची पहिली पायरी ठरलेली. सगळ्या कॅमेऱ्यांचा आवाज काढून टाकायचा आणि खालून सनई सोडायची. ही सोय कोणी शोधून काढली ठाऊक नाही, पण तिने कित्येक घरं सांभाळली आहेत. लग्नात प्रत्यक्ष काय काय बोललं जातं ते पुढे वीस वर्षं दर दिवाळीला ऐकणं कोणत्याही कुटुंबाला झेपणारं नाही. अनिशचा हात या कामात इतका बसलाय की बोलता बोलता तो आवाज पुसतो, जसं आपण चपला बाहेर काढतो.

सीडी तयार झाली. संगणकात जागा थोडी आणि वैशाखाची लग्नं तोंडावर, म्हणून उतरवलेलं सगळं त्याने पुसलं. कॅसेटी ज्याच्या त्याला परत केल्या. एक कॅसेट ठराव तिसरा याप्रमाणे खोक्यात गेली.

प्रकाशन

प्रकाशनाला अनिश जातीने हजर होता. मंडळाने मुहूर्त आधी बघून तारीख ठरवली होती. स्वतःच कॅमेरा घेऊन उभा होता, म्हणजे या वेळी तरी चित्रीकरण राहू नये. ट्रक तेच होते. मधे टीव्ही. एका खुर्चीत मुरारी, गळ्याला पांढरा मफलर. शेजारी चारुशीलावहिनी, पहिल्यांदाच पुढच्या रांगेत.

सत्कार झाले. अमजदशेठ बोलले. रसिकांनीच टिपलेली, रसिकांनीच जोडलेली अशी सीडी कोकणात दुसरी नसेल, असं ते म्हणाले आणि मग हेच निरनिराळ्या प्रकारे म्हणाले. मग सीडी लावली.

चित्र: उमलता गुलाब. गुलाबात अमजदशेठ.
आवाज: सनई.

चित्र: सुम्बुलची नणंद, हिरव्यात. पान उलटतं.
आवाज: सनई. (मैदानात हशा, टाळ्या.)

चित्र: भागोजींचा पुतण्या. पुतण्या. पुतण्या.
आवाज: सनई. (भागोजी: "तो बघा, तो आमचा.")

चित्र: फिरतं बदाम. बदामात मुरारी, पाठमोरे, माइकसमोर. खाली अक्षरं: 'मुरारी स्वतःच्या आवाजात'.
आवाज: सनई.

इथे मुरारींनी गुडघ्यावर ताल धरला. त्यांचे ओठ हलायला लागले. सनईचा ताल वेगळा होता, तरी ते काही वेळ आपला ताल धरून होते. वहिनी पडद्याकडे बघायच्या थांबल्या आणि त्यांच्या ओठांकडे बघू लागल्या. मग मुरारींचा हात थांबला.

चित्र: भजी. पान उलटतं.

वहिनी उठल्या. "अनिश, यांचा आवाज कुठाय?"

"काकू, आवाज फार खराब होता," अनिश कॅमेऱ्याला डोळा लावूनच म्हणाला. "एका कॅसेटीत बोलणी, एकीत पोरं रडतायत, एकीत नुसतंच गाणं. काही मेळ नव्हता. मी सगळा साफ केला."

"आसियाने दिली होती, त्यातला?"

"ती काळी? ती उतरवली होती. पण तीही..." अनिशने डोळा काढला. "सवयीनं गेलं, काकू."

बायकांच्या बाजूने आसियाभाभी उभ्या राहिल्या. "कॅसेट कुठं हाय, अनिश? ती हाय ना? ती असली म्हणजे झालं."

अनिशने आधी बरोबर आणलेल्या कोऱ्या कॅसेटींच्या खोक्याकडे बघितलं. मग हातातल्या कॅमेऱ्याकडे. कॅमेऱ्यावरचा तांबडा दिवा चालू होता.

"यात हाय," तो म्हणाला. "मी लावून बघितली होती. काळीच होती."

"बंद कर आधी," अमजदशेठ म्हणाले. अनिशने बंद केला.

कॅसेट तिथेच मागे-पुढे करून तपासण्यात आली. आधी सत्कार होते, मग अमजदशेठचं भाषण होतं, मग सीडी बघणारी माणसं होती, प्रत्येकजण स्वतःला शोधताना स्पष्ट दिसत होता. मंडळाच्या हिशेबाने, भाषण थोडं आवरलं असतं तर निदान गाण्याची शेवटची ओळ राहिली असती. पण कार्यक्रमाला भाषण लागतंच, यावर मंडळ आजही ठाम आहे.

उरलं ते एवढं.

चित्र: काळं.
आवाज: टाळ्या. भरपूर टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी "वन्स मोअर" म्हणतं. मग आसियाभाभींचा आवाज: "या अल्ला, चालूच राहिला काय." मग काहीच नाही.

शेवटी अमजदशेठ हळूच म्हणाले, "वहिनी, टाळ्या तरी पुऱ्या आल्यात."

"हो," चारुशीलावहिनी म्हणाल्या. "त्या मला तेव्हाही ऐकू आल्या होत्या, मागे."

त्यांनी कॅसेट मागून घेतली नाही. मुरारींनी मफलर नीट केला आणि दोघं पोलादपूरच्या गाडीने गेली. गाडीचं नाव त्या दिवशी कोणी पुकारलं नाही. त्यांना ती दिसली.

मंडळाचा अभिप्राय

उपक्रम यशस्वी झाला. सीडीच्या सर्व प्रती संपल्या. दोह्याहून, कुवेतहून आणखी मागणी आहे. ज्याने त्याने आपली माणसं बघितली, कोणाची तक्रार नाही. मूळ कार्यक्रमात रसिकांचा जो वाटा होता तो चित्रात आणि आवाजात संपूर्ण जपला गेलाय, असं म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

ही हकीकत वाचून काही वाचकांना हळहळ वाटेल. आमच्या अनिशला, अमजदशेठना, क्वचित आम्हालाही ते नावं ठेवतील. त्यांच्या संवेदनशीलतेचा मंडळ आदर करतं. मात्र मुरारी त्या रात्री कोणतं गाणं गायले, कशावरचं होतं, त्याची पहिली ओळ काय होती, हे आम्ही इथे कुठेच लिहिलेलं नाही, आणि वाचता वाचता तुम्हाला ते विचारावंसं वाटलेलं नाही.

त्यात गैर काही नाही. टाळ्या वाजवायला ते ठाऊक असावं लागत नाही.